१९३० ची मॉडेल ए की १९६५ ची मस्टँग: तपासणीपासून टायटलपर्यंत

दोन्ही गाड्या फोर्डच्याच, मधे पस्तीस वर्षं. एक १९३० ची मॉडेल ए ट्यूडर (दोन दारांची), दुसरी १९६५ ची मस्टँग हार्डटॉप (पक्क्या टपाची). कॅलिफोर्नियात जानेवारीत दोन्हींची चौकशी सुरू केली आणि जूनअखेर त्यांतल्या एकीचं टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, टपालाने घरी आलं. पहिल्यांदा जुनी अमेरिकन गाडी घेणारे बहुतेक जण दोन्हींना एकच फूटपट्टी लावतात: रंग कसा आहे, क्रोम चमकतं का, इंजिन गोड वाजतं का, किंमत किती. या दोन गाड्यांच्या बाबतीत ही फूटपट्टी नुकसान करते. मॉडेल ए पैसे खाते ती इंजिनाच्या तळाशी, बेअरिंगांमध्ये. मस्टँग पैसे खाते ती पत्र्यात, तेही न दिसणाऱ्या पत्र्यात. कुठे वाकून बघायचं हे आधी ठरलं की निम्मं काम होतं.

या दोघीच का निवडल्या, तर सुट्या भागांसाठी. मॉडेल ए २ डिसेंबर १९२७ ला लोकांसमोर आली आणि उत्पादन थांबेपर्यंत जवळजवळ ४८ लाख बनल्या. मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली, तेव्हा तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर होती, आणि त्या पहिल्या लांबलचक मोसमात ६,८०,९८९ विकल्या गेल्या. इतक्या संख्येमुळे दोन्हींचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनतो. मस्टँगची तर अख्खी बॉडी फोर्डच्या परवान्याने नव्याने बनवून मिळते. भाग मिळत नाहीत म्हणून गॅरेजात वर्षानुवर्षं लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उभी राहिलेली गाडी बघवत नाही, म्हणून ही पहिली अट.

जानेवारी सगळा आकड्यांत गेला. गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याकडून नंबरांचे फोटो मागवायचे, आणि ते जवळून, तिरप्या उजेडात काढलेले हवेत. मस्टँगचा नंबर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या अॅप्रनवर, म्हणजे इंजिनाशेजारच्या पत्र्यावर, ठोकलेला असतो. बॉनेट उघडलं की मडगार्डच्या खाचेतून तो वाचता येतो. आमच्या समोरच्या गाडीचा नंबर सुरू होत होता तो असा: ५, आर, ०७, सी. पाच म्हणजे १९६५ चं मॉडेल, आर म्हणजे सॅन होजे कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे २८९ घनइंची व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, २०० अश्वशक्ती. त्या जागी टी असता तर गाडी मुळात सहा सिलिंडरची. ए असता तर चार बॅरलची २२५ अश्वशक्तीची. के असता तर २७१ अश्वशक्तीची, आणि मग किंमत कुठल्या कुठे गेली असती. हा सॅन होजे कारखाना प्रत्यक्षात मिलपिटासमध्ये होता. १९८३ मध्ये तो बंद झाला आणि आज त्याच इमारतीत ग्रेट मॉल आहे. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली कितीतरी मराठी कुटुंबं शनिवार-रविवारी तिथे खरेदीला जातात; आर अक्षराच्या मस्टँग त्याच छपराखालून बाहेर पडल्या.

दारावरच्या पत्र्याच्या पाटीवर भरवसा ठेवू नये. ती रिव्हेटने बसवलेली असते आणि हुबेहूब नवी विकत मिळते. खरा नंबर अॅप्रनवरचा. तिथे वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, आजूबाजूचा रंग वेगळ्या पोताचा दिसला, की तिथेच थांबायचं. आणखी एक गोष्ट: १९६५ च्या साध्या मस्टँगच्या इंजिनावर गाडीचा नंबर ठोकलेला नसतो, तो मान फक्त के इंजिनाला होता. त्यामुळे ‘मॅचिंग नंबर्स’ (गाडीचं आणि इंजिनाचं मूळचं जुळणं) असं कुणी सी इंजिनाच्या गाडीबद्दल म्हणत असेल तर त्याला ओतकामाची तारीख विचारा. ब्लॉकवर सेल्फजवळ ती असते: ५सी१२ म्हणजे १९६५, मार्च, १२ तारीख. पाटी मूळची असेल तर ही तारीख तिच्यातल्या बांधणीच्या तारखेच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर इंजिन बदललेलं आहे, हे नक्की. फोर्डच्या मूळ नोंदींवरून मिळणारा उत्पादनाचा दाखला १९६७ पासूनच्याच गाड्यांना मिळतो, १९६५ ला नाही. म्हणून या आकड्यांवाचून दुसरा पुरावा नाही.

मॉडेल एचं गणित निराळं. तिथे इंजिनाचा नंबर हाच गाडीचा नंबर. ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत जाण्याच्या तोंडाच्या वर, एक सपाट जागा असते. त्यावर ए अक्षर, मग आकडे, आणि दोन्ही टोकांना चांदणी. तोच नंबर चॅसीच्या डाव्या पट्टीवरही ठोकलेला असतो, पण तो बॉडीखाली दडलेला. बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. नव्वद वर्षांत इंजिन एकदाही न बदललेली मॉडेल ए विरळाच. टायटल एका इंजिनाच्या नंबरावर आणि गाडीत दुसरंच इंजिन, हा नोंदणीतला सगळ्यात मोठा अडथळा. म्हणून फोनवरच्या पहिल्या बोलण्यातच टायटल आणि ब्लॉक या दोन्हींचे फोटो मागावेत. आमच्या विक्रेत्याने दोन्ही पाठवले. आकडे जुळले. टायटलवर मात्र सुरुवातीचं ए अक्षर नव्हतं. त्याने पुढे काय झालं ते खाली येईलच.

फेब्रुवारीत मस्टँग बघितली. मागणी २३,५०० डॉलरची. रंग उत्तम, आतली गाद्यांची बैठक नवी, इंजिन पहिल्या सेल्फला चालू. आधी चाकांचे नट मोजले: पाच. मूळची व्ही-८ असेल तर पाच, सहा सिलिंडरची असेल तर चार. मग चुंबक. पातळ कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक मागच्या चाकाच्या कडेवर, दाराच्या खालच्या ओळीत आणि पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. या गाडीत मागच्या उजव्या कडेला तो सैल पडला, बाकी ठीक. त्यानंतर गाडी लिफ्टवर घेतली. पुढच्या फ्रेम रेल फ्लोअरला जिथे मिळतात, बॅटरीखालचं अॅप्रन, डिकीच्या दोन्ही बाजूंचे खोलगट कोपरे, आणि शॉक टॉवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, पुढचं सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे उंचवटे, हे सगळं बघितलं. शॉक टॉवरला वरच्या कंट्रोल आर्मच्या बोल्टांजवळ केसासारख्या चिरा जातात. त्यावर जाड काळा रंग मारलेला दिसला तर खरवडून बघण्याची परवानगी मागावी. इथे चिरा नव्हत्या, आणि आमची आशा वाढली.

मग पाण्याची चाचणी. काचेच्या खाली बॉनेटमागे हवेची जाळी असते. तिच्या आतला पत्र्याचा डबा कारखान्यातून नीट रंगवला जात नसे. पानं आणि माती साठून तो आतून कुजतो. डॅशबोर्डखालचा गालिचा उचलून कोरडे कागद अंथरायचे, बाहेरून जाळीत एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे सावकाश बादलीभर पाणी ओतायचं आणि आत टॉर्च घेऊन आडवं पडायचं. डावीकडचा कागद अर्ध्या मिनिटात भिजला. विक्रेता ‘रबरी पॅकिंग बदललं की झालं’ म्हणाला. तसं नसतं. हे काम म्हणजे पुढची मडगार्डं उतरवायची, काच काढायची, असंख्य स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवायचे, डबा उघडायचा, आतला पत्रा बदलायचा आणि सगळं परत जोडून रंगवायचं. नवा पत्रा स्वस्त असतो, मजुरी नाही. आम्हाला एका बॉडीशॉपने ३,८०० डॉलर सांगितले, रंग जुळवण्याचे वेगळे. मस्टँगला वेगळी चॅसी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा. डबा गळतोय म्हणजे ते पाणी कित्येक पावसाळे फ्लोअरवर साचलंय, आणि नव्या गालिच्याखाली काय आहे ते कुणी बघितलेलं नाही. आम्ही २०,००० ची तयारी दाखवली, तो २२,५०० च्या खाली आला नाही. गाडी मनातून जायला वेळ लागला, कारण चालवायला ती फार सुंदर होती.

मार्चमध्ये मॉडेल एसाठी नेवाडात, रीनोजवळ गेलो. मागणी १५,००० डॉलर. १९३० च्या बदलांमुळे ही गाडी लांबूनही ओळखता येते: चाकं २१ ऐवजी १९ इंची, रेडिएटर उंच, आणि त्याचं कवच स्टेनलेसचं. ट्यूडर निवडण्याचं कारण असं की तिची बॉडी मुख्यतः पोलादी आहे. चार दारांच्या बॉड्यांमध्ये लाकूड जास्त असतं आणि कुजलेलं लाकूड बदलणारा सुतार मिळवणं ही वेगळी मोहीम आहे. टपाचा मधला भाग मात्र ट्यूडरमध्येही कापडाचा, लाकडी पट्ट्यांवर ताणलेला. आतून हात लावून त्या पट्ट्या ओल्या किंवा भुसभुशीत नाहीत ना ते बघावं.

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गरम इंजिन खूप काही लपवतं. सुरू करण्याची पद्धत इथेच नीट शिकून घ्यावी: डॅशखालची पेट्रोलची तोटी उघडायची, स्टिअरिंगच्या डावीकडची स्पार्कची दांडी पूर्ण वर, उजवीकडची थ्रॉटलची दांडी तीन-चार खाचा खाली, मिश्रणाची मूठ एक फेरा सैल, किल्ली चालू, चोक ओढून पायाने सेल्फ. इंजिनाने पकड घेतली की चोक सोडायचा आणि स्पार्कची दांडी खाली आणायची. दांडी खाली असताना सेल्फ मारला तर इंजिन उलटा झटका देतं आणि सेल्फची बेंडिक्स स्प्रिंग तुटते. उलट रस्त्यावर दांडी वरच राहिली तर इंजिन तापतं. ‘मॉडेल ए तापतेच’ अशी तक्रार आली तर रेडिएटर खोलण्याआधी ही दांडी बघावी.

आता बेअरिंगं. २००.५ घनइंचांच्या, ४० अश्वशक्तीच्या या चार सिलिंडरच्या इंजिनात बेअरिंगचे सुटे कप नाहीत. बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओतलेला असतो, मग त्याला माप दिलं जातं. झीज भरून काढायला कॅपखाली पातळ शिम असतात. एकेक काढून गॅप कमी करता येतो. सगळे शिम संपले की इंजिन उतरवून नवं बॅबिट ओतायचं, आणि हे काम करणारी यंत्रशाळा आता मोजकीच. आम्हाला पूर्ण इंजिनाचा अंदाज साडेपाच हजार डॉलरांचा आणि रांग चार महिन्यांची मिळाली होती. म्हणून तीन चाचण्या कराव्यात. इंजिन बंद असताना एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने पुढची क्रँकची पुली बघायची. नीट इंजिनात ती चार ते आठ हजारांश इंच सरकते, म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवते. स्पष्ट पुढे येताना दिसली तर मागचं मुख्य बेअरिंग गेलं. दुसरी, इंजिन गरम झाल्यावर लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेक प्लग हेडला टेकवून शॉर्ट करायचा. एखाद्या सिलिंडरला ठकठक थांबली तर त्या रॉडचं बेअरिंग ढिलं. तिसरी कॉम्प्रेशनची. मूळ हेडचं गुणोत्तर ४.२२ ला १ असल्यामुळे आकडा कमीच येतो, ६० पौंडांच्या आसपास. घाबरू नये. चारही आकडे एकमेकांजवळ असणं महत्त्वाचं.

पुलीची हालचाल चांगली, प्लगच्या चाचणीत तिसऱ्या सिलिंडरला हलकी ठकठक. विक्रेत्याच्या परवानगीने आणि आमच्या खर्चाने, स्थानिक मेकॅनिकला २५० डॉलर देऊन ऑइल चेंबर उतरवला. तिसऱ्या रॉडखाली दोन्ही बाजूंना अजून शिम शिल्लक होते, बॅबिटला तडा नव्हता. म्हणजे दुरुस्ती एका दुपारची. ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीही बघून घेतल्या. रीनोच्या थंडीत कुणी नुसतं पाणी भरून गाडी ठेवली असती तर गोठून तिथे चीर गेली असती. नव्हती.

ब्रेक चारही चाकांना, पण सगळे सळ्यांवर चालणारे. तेलाचा थेंब नाही. मूळ दाबलेल्या पोलादी ड्रमांऐवजी बिडाचे ड्रम बसवले असतील तर थांबण्यात चांगला फरक पडतो. इथे मागचे बिडाचे, पुढचे मूळचे. १९६५ च्या मस्टँगला तरी कुठे मोठं सुख आहे? तिचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी सिलिंडर १९६७ ला आला. मस्टँग घेणाऱ्याने तो बदल पहिल्याच महिन्यात करून घ्यावा, जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या परीक्षणात मूळपणाचे गुण गेले तरी हरकत नाही.

वीज ६ व्होल्टची, आणि अर्थिंग पॉझिटिव्हचं. बॅटरी उलटी जोडण्याचा अपघात इथे फार होतो. कुणी १२ व्होल्ट आणि अल्टरनेटर बसवला असेल तर वापराला सोयीचं, पण क्लबच्या परीक्षणात त्याचे गुण कापले जातात. मस्टँगबाबतही परीक्षक असेच बारकावे बघतात. मिरवायची की चालवायची, हे किंमत बोलण्याआधी स्वतःशी ठरवलेलं बरं. मॉडेल ए ताशी ४५ मैलांवर खुशीत धावते. १०१ किंवा २८० हायवे तिच्यासाठी नाहीत. मस्टँग कुठेही नेता येते. आम्हाला रविवारी सकाळी डोंगराकडच्या छोट्या रस्त्यांवर नेण्यासाठी आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्यासाठी गाडी हवी होती. तिथे मॉडेल ए सरस: स्वतंत्र चॅसी, दोन आडवे पाटे, पेट्रोल पंपच नाही, काचेखालच्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं.

एप्रिलमध्ये १३,८०० वर सौदा झाला. रॉडची ठकठक आणि पुढचे ड्रम दाखवून उतरलेली ही किंमत. पैसे बँकेच्या कॅशिअर्स चेकने, विक्रेत्याच्याच बँकेत बसून दिले, आणि टायटलवर सही तिथेच घेतली. टायटलवर कर्जदात्याचं नाव नाही हे आधी तपासावं. मैलांचं निवेदन इतक्या जुन्या गाडीला लागत नाही, पण विक्रीपावती लागते, आणि तिच्यावर नंबर टायटलप्रमाणे आणि ब्लॉकप्रमाणे असा दोन्ही तऱ्हांनी लिहून घ्यावा. नेवाडात नंबरप्लेट विक्रेत्याकडेच राहते, गाडी प्लेटविना येते. आम्ही ९०० डॉलर देऊन ट्रेलरवर आणली. वाटेतल्या डॉनर खिंडीत एप्रिलमध्येही बर्फ पडतो, तेव्हा ट्रेलरवाल्याला तारखेत दोन-चार दिवसांची मोकळीक द्यावी.

परराज्यातून आणलेल्या गाडीची कॅलिफोर्नियात नोंदणी वीस दिवसांत करावी लागते. लागतं ते असं: आरईजी ३४३ हा अर्ज, नेवाडाचं मूळ टायटल, विक्रीपावती, आणि आरईजी ३१ म्हणजे गाडी प्रत्यक्ष बघून केलेली नंबराची पडताळणी. पडताळणी डीएमव्हीत (राज्याच्या वाहन खात्यात), पोलिसांकडून किंवा परवानाधारक व्हेरिफायरकडून होते. व्हेरिफायर घरी येतो, त्यामुळे प्लेट नसलेली गाडी हलवावी लागत नाही. आम्हाला ७५ डॉलर पडले. तो येण्याआधी ब्लॉकवरची जागा रॉकेलच्या फडक्याने पुसून खडू घासून ठेवावी, म्हणजे आकडे उठून दिसतात. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश चुकूनही लावू नये. नंबराशी छेडछाड केल्याचा संशय येतो. चांदण्या नंबरात धरत नाहीत. हल्लीच्या सतरा अक्षरी नंबरांपुढे हा आठ अक्षरी नंबर अपुरा वाटतो, तेव्हा काउंटरवर वर्ष आधी सांगावं.

राहिलेल्या ए अक्षरासाठी आरईजी २५६ हे निवेदन भरलं: टायटलवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एकच, अक्षर जुन्या नोंदीत सुटलेलं. सोबत ब्लॉकचा आणि टायटलचा फोटो. कागद तपासले जात असतानाचा तो वेळ जड गेला, कारण इथे नकार मिळाला असता तर बॉडी उचलून चॅसीवरचा नंबर दाखवावा लागला असता. तशी वेळ आली नाही. युज टॅक्स, म्हणजे परराज्यातल्या खरेदीवर इथे भरायचा कर, मात्र चुकत नाही: राज्याचा किमान दर ७.२५ टक्के, स्थानिक कर धरून आमच्याकडे नऊच्या वर, म्हणजे साडेबाराशे डॉलरांच्या पुढे. नेवाडात खाजगी सौद्यावर विक्रीकर नसतो, त्यामुळे वजावटही नाही. ही रक्कम सुरुवातीच्या अंदाजात धरावी. स्मॉगची (धुराची) चाचणी १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना माफ आहे. दोन्हींपैकी कुठलीही घेतली असती तरी हा प्रश्न नव्हता. ऐतिहासिक वाहनाची प्लेट घेतली तर वार्षिक खर्च घटतो, पण वापर मेळावे, मिरवणुका, क्लबच्या सहली यांपुरता राहतो. आम्ही साधी नोंदणी ठेवली.

विमा ‘अॅग्रीड व्हॅल्यू’चा घ्यावा. साध्या पॉलिसीत नव्वद वर्षांच्या गाडीची किंमत घसाऱ्याने शून्याजवळ जाते; इथे ठरलेली रक्कम पूर्ण मिळते. त्यासाठी बंद गॅरेज, रोजच्या वापराची दुसरी गाडी आणि सगळ्या बाजूंचे फोटो मागतात.

टायटल जूनअखेर आलं. तोवर तिसऱ्या रॉडचा एक शिम काढून ठकठक थांबवली, पुढचे ड्रम बिडाचे बसवले आणि मागे दोन्ही बाजूंना ६ व्होल्टचे, पॉझिटिव्ह अर्थिंगवर चालणारे एलईडी दिवे लावले, कारण मूळचा एकुलता एक मंद दिवा आजच्या वाहतुकीत दिसत नाही. गाडी उभी केली की पेट्रोलची तोटी बंद. नाहीतर कार्ब्युरेटर गळून फरशीवर पेट्रोल साचतं. ऑइल फिल्टर या इंजिनाला नसतोच, म्हणून ऑइल दर ५०० मैलांनी बदलायचं, आणि पहिल्या बदलाच्या वेळी हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने ५५ फूट-पौंडांवर पुन्हा आवळायचे.